नाजियाचा परवाना

नाजिया माझ्याकडे पहिल्यांदा आली ती काम मागायला नव्हे, भांडायला.

२०१५चा उन्हाळा होता. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका पाच मजली मुलींच्या हॉस्टेलच्या लिफ्टची मोटर तीन महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली होती. वाइंडिंग महेबूबनं केलेलं. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आणि आमची ओळख पंधरा वर्षांची. तरी मी तापलो होतो. तुझं वाइंडिंग कच्चं राहतंय, असा निरोप मी त्याला धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या फाटकात त्याची पोरगी उभी. अंगात दुकानातला खाकी शर्ट, ओढणी कमरेला गाठ मारलेली, हातात जळालेल्या तारेचं भेंडोळं.

"मामा, हे बघा," ती म्हणाली. "सगळीकडनं सारखंच काळं झालंय. वाइंडिंग कच्चं असतं तर एका जागी जळालं असतं. मोटर ओढून ओढून तापली हाय. तुमचा ब्रेक पुरता सुटत न्हाई."

मी शिवप्पा. तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो. आठ वर्षं हैदराबादला आणि बाकीची लातुरात, अशी तीस वर्षं मी लिफ्टचं काम केलेलं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीनं मला ब्रेक शिकवावा हे काही गोड लागलं नाही. पण गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलो, ब्रेकच्या चाकाजवळ हात नेला, तर चटका बसला. एका बाजूची स्प्रिंग अडकली होती. लिफ्ट चालायची ती ब्रेक घासत घासतच. म्हणजे मोटर मीच जाळली होती, दोनदा.

संध्याकाळी मी महेबूबच्या दुकानी गेलो आणि चूक माझी होती असं सांगितलं. तो हसला नाही की रागावलाही नाही. चहा मागवला आणि म्हणाला की पोरगी नांदेडला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून आयटीआय करून आली आहे, वायरमन ट्रेडला. पूर्ण बॅचमध्ये एकटी मुलगी. आता घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चाललंय आणि ती दुकानात बसून पंपाच्या मोटरी भरते.

घरी जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. लातूर पॅटर्नच्या नावावर तेव्हा गल्लीगल्लीत हॉस्टेलं उभी राहत होती. निम्मी मुलींची. देगलूर, नायगाव, उदगीर, पार परभणीपासून आईबाप पोरींना आणून सोडायचे ते रेक्टरच्या भरवशावर. पुरुषमाणसानं पहिल्या मजल्याच्या वर जायचं नाही, हा नियम. लिफ्ट बंद पडली की आम्ही मेकॅनिक खाली बसून राहायचो. पोरी क्लासला जाणार, मजला रिकामा होणार, रेक्टर मॅडम सोबत चालणार, मग आम्ही वर. तोवर पोरी पुस्तकांचं ओझं घेऊन पाच पाच जिने चढायच्या. दरवाजाचा एक कॉन्टॅक्ट, म्हणजे विजेची टिकली, पुसायचं दहा मिनिटांचं काम, त्याला अर्धा दिवस जायचा.

ज्यांच्याकडे मी नोकरीला होतो ते आप्पासाहेब ठेकेदार होते. परवाना त्यांच्या नावाचा, हाताखाली आम्ही सहा माणसं आणि शहरातल्या साठेक लिफ्टा. हॉस्टेलवाल्यांच्या तक्रारींनी ते कावलेले होतेच. एक मुलगी ठेवून बघू, असं मी सुचवलं तेव्हा ते म्हणाले की जबाबदारी तुझी. महेबूबही तयार झाला. राहिली नाजियाची आई.

हुसेनबी मूळची किल्लारीची. १९९३च्या भूकंपात ती एकोणीस वर्षांची होती. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटेआधी घर अंगावर आलं. आई, वडील, धाकटा भाऊ, तिघंही गेले. हुसेनबीला दुपारी बाहेर काढलं. पुढं पत्र्याच्या शेडांच्या वस्तीत पाण्याच्या मोटरी बसवायला लातुरातनं माणसं गेली, त्यांत महेबूब होता. वर्षभरानं त्यांचं लग्न झालं. लातुरात त्यानं तिच्यासाठी पत्र्याचंच घर बांधलं. स्लॅबच्या घरात ती पाहुणी म्हणून गेली तरी दारापाशी बसायची, आणि जिना तर मी तिला कधी चढताना बघितलं नव्हतं.

मी तिच्यापुढं बसून तासभर समजावलं. लिफ्ट एका दोरावर नसते, चार-पाच असतात, आणि त्यातला एकटा दोरही वजन पेलतो. वेग वाढला तर वर गव्हर्नर नावाचं चाक असतं, ते अडकतं आणि खाली पाचरी रुळांना आवळून धरतात. लिफ्ट पडत नाही भाभी, असं मी म्हणालो.

हुसेनबीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या घराच्या भिंती दोन हात रुंद होत्या, भाऊ. आब्बा म्हनायचे, तोफ लागली तरी हालनार न्हाई."

महेबूब बाहेर निघून गेला. नाजिया आईचे पाय दाबत बसली. शेवटी हुसेनबीनंच तोड काढली. पोरीला जाऊ द्यायचं, पण ती स्वतः सोबत येणार. वर नाही, फाटकापर्यंत.

आणि ती खरंच आली. रोज. कुठल्याही हॉस्टेलला आम्ही गेलो की फाटकातल्या खुर्चीवर हुसेनबी बसलेली. सोबत पिशवी, पिशवीत गोधडीचे तुकडे नाहीतर निवडायची भाजी. नाजिया वर जाताना तिच्याकडे बघून मान हलवायची, खाली उतरली की पुन्हा हलवायची. आमची बाकीची माणसं सुरुवातीला हसली. आठवड्यानं हसणं थांबलं, कारण हुसेनबीच्या डब्यात त्यांच्याही वाटच्या भाकरी यायला लागल्या. ज्या हॉस्टेलची मोटर मी जाळली होती तिथल्या रेक्टर पार्वतम्मा या भयंकर कडक बाई. पालकांनाही दहा प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसत. त्यांच्याशी हुसेनबीची अशी गट्टी जमली की पापड कधी लाटायचे, मिरच्या कुठून आणायच्या, सगळं फाटकात ठरायला लागलं.

नाजिया काम पटकन शिकली. तिला कान होता. मोटर सुरू झाली की डोकं किंचित कलतं करून ऐकायची. पोरींच्या हॉस्टेलात लिफ्टचा दरवाजा का अडकतो हे मला बारा वर्षांत कळलं नव्हतं, ते तिनं बारा दिवसांत शोधलं. दरवाजा ज्या खाचेत सरकतो तिच्यात केसांच्या पिना पडायच्या. आम्ही आपले कॉन्टॅक्ट पुसत बसायचो. तिनं तारेचा बारीक आकडा वाकवून घेतला आणि महिन्याच्या महिन्याला खाच साफ करायला लागली. निम्म्या तक्रारी तिथंच मिटल्या. पोरी तिला दीदी म्हणायच्या. परीक्षेच्या दिवशी कोणी लिफ्टपाशी घाबरून उभी असली तर ती पाना खाली ठेवून तिच्याशी दोन शब्द बोलायची.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. हॉस्टेलं अर्धी रिकामी झाली, राहिल्या त्या फक्त रिपीटर पोरी. एका सकाळी दहाच्या सुमारास पार्वतम्मांचा फोन आला. लाइट गेली आहे, लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आहे, आत देगलूरची मनतशा नावाची मुलगी आहे आणि ती दरवाजा बडवून राहिली आहे. आम्ही दोन गल्ल्या पलीकडं होतो. धावतच गेलो. हुसेनबीही मागं आली.

फाटकातच मुलीचा आवाज ऐकू आला. रडणं नव्हतं ते, श्वास लागल्यासारखं काहीतरी होतं. पार्वतम्मांनी त्या दिवशी मला नियम सांगितला नाही. मी आणि नाजिया पाच जिने चढून मशीनरूममध्ये पोचलो. मी मेन स्विच पाडला. अशा वेळी एकानं ब्रेकचा दांडा ओढून धरायचा आणि दुसऱ्यानं मोटरचं मोठं चाक हातानं फिरवायचं. इंच इंच करत डबा मजल्याला आणायचा. मी दांडा धरला, नाजियानं चाक.

मशीनरूमच्या फरशीत दोर खाली सोडायला भोकं असतात. त्यांतून मुलीचं ते श्वास लागणं वर येत होतं. आणि मग दुसरा आवाज आला.

"बेटा, नाव काय तुझं?"

नाजियाचे हात चाकावरच थांबले. आवाज तिच्या आईचा होता, आणि तो खालच्या फाटकातून येत नव्हता. जवळून येत होता.

"नाव सांग. मोठ्यानं सांग. मला कमी ऐकू येतं."

हुसेनबीला काही कमी ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं मुलीनं नाव सांगितलं. मग आईचं नाव, मग गाव, मग पुन्हा नाव. नाजियानं तोंड पुसलं आणि चाक फिरवायला घेतलं. सात-आठ मिनिटं लागली असतील. तेवढ्यात हुसेनबीनं ते नाव वीसेक वेळा विचारलं असेल, आणि दर वेळी मुलीचा आवाज जरा आणखी सरळ होत गेला.

दोरावरची मजल्याची पांढरी खूण जुळली तसा मी ब्रेकचा दांडा सोडला. आम्ही खाली आलो तर तिसऱ्या मजल्यावर हुसेनबी लिफ्टच्या दारापुढं फरशीवर बसलेली, दोन्ही तळवे दाराला टेकवलेले. नाजियानं चावीनं दरवाजा उघडला. मनतशा बाहेर आली ती सरळ हुसेनबीच्या मांडीत.

उतरताना हुसेनबीला जिना जमेना. चढताना कसा जमला हे तिलाच आठवत नव्हतं. एका बाजूनं नाजियानं धरलं, दुसऱ्या बाजूनं पार्वतम्मांनी. फाटकात खुर्चीवर बसवून पाणी दिलं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली. किल्लारीला ती ढिगाऱ्याखाली असताना वरून एक माणूस सारखं तिचं नाव विचारत होता. कोण होता ठाऊक नाही. तिनं त्याचं तोंडही बघितलं नाही.

"तो विचारत ऱ्हायला, मी सांगत ऱ्हायले," ती म्हणाली. "एवढंच."

दुसऱ्या दिवशी नाजिया एकटीच कामाला आली. आई कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, घरी. आई म्हणाली की आता काय, तू जा, मला पापड घालायचेत. त्या दिवसापासून हुसेनबी फाटकावर यायची थांबली. डबा मात्र येत राहिला.

दोन वर्षं झाली तशी नाजियानं परवान्याचं काढलं. तोवर कोणी विचारत नव्हतं. ठेकेदाराचा परवाना असला की त्याच्या माणसांचं भागून जायचं. मलाही कधी लागला नव्हता. पण आता नियम बदलायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि तिला स्वतःच्या नावानं काम करायचं होतं. आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, अर्ज भरला, अनुभवाच्या दाखल्यासाठी आप्पासाहेबांकडे गेली. त्यांनी हसत हसत दाखला दिला. त्यावर लिहिलं होतं: कार्यालयीन सहायक.

ती दाखला घेऊन माझ्याकडे आली. मी तडक आप्पासाहेबांकडे गेलो. त्यांनी देखभालीचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, तूच बघ. दोन वर्षांची पानं. प्रत्येक लिफ्ट, प्रत्येक तारीख, आणि खाली प्रत्येक ठिकाणी सही माझी. नाजियाचं नाव एकदाही नाही. कागदावर ती वर कधी गेलीच नव्हती. काम ज्यानं केलं त्यानं सही करायची हे मला माहीत नव्हतं असं नाही. हेल्परच्या कामावर मिस्त्रीनं सही ठोकायची ही आमच्या धंद्याची जुनी सवय, आणि मी ती तशीच चालवली. मुलीचं नाव बघून कोणी शंका काढू नये, असंही मनात कुठंतरी होतं. तेही आता कबूल करतो.

नाजियाला मी हे सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुमची सही हाय म्हनूनच कुनी काम तपासलं न्हाई, मामा." याचा अर्थ मी अजून पुरता लावलेला नाही. दोन दिवस ती आली नाही. मी जेवलो की नाही ते बायकोला विचारा.

तिसऱ्या दिवशी मी पार्वतम्मांकडे गेलो, दुसऱ्याच कामानं, आणि बोलता बोलता हे निघालं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, कपाट उघडलं आणि चार जाड वह्या टेबलावर ठेवल्या. पहिल्या मजल्याच्या वर जाणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद. नाव, वेळ, कशासाठी, सही. पालक असो, डॉक्टर असो, प्लंबर असो. बाईमाणूस असली तरी सूट नाही. मी एक वही उघडली. नाजिया महेबूब शेख, सकाळी ९.४०, लिफ्ट दरवाजा दुरुस्ती. नाजिया महेबूब शेख, ११.१५, ब्रेक लायनिंग बदलले. खाली तिची गोल, मोठ्या अक्षरातली सही. पान उलटावं तिथं ती.

"माझ्या नियमाला सगळे नावं ठेवतात," पार्वतम्मा म्हणाल्या.

बाकीच्या हॉस्टेलांतही अशाच वह्या होत्या. पार्वतम्मांनी स्वतः रेक्टर बायकांना फोन केले. चौघींनी सहीशिक्क्यानिशी पत्रं दिली. सहाशेच्या वर नोंदींच्या झेरॉक्स निघाल्या. मी एका कागदावर लिहून दिलं की देखभालीच्या रजिस्टरात अमुक तारखांना सही माझी असली तरी काम हिचं आहे. ते घेऊन आप्पासाहेबांपुढं ठेवलं. त्यांना ते आवडलं नाही. पण चार हॉस्टेलांच्या रेक्टर एका बाजूला आणि ते दुसऱ्या, एवढं गणित त्यांना येत होतं. दाखला बदलून मिळाला.

परवान्याची तोंडी परीक्षा औरंगाबादला होती. महेबूबला दुकान सोडता येईना म्हणून सोबत मी गेलो. बाकीचे सगळे पुरुष. नाजिया आत गेली, मी बाहेर लिंबाखाली. पाऊण तासानं आली. चेहरा उतरलेला. बसस्टँडवर आम्ही पुरीभाजी घेतली, तेव्हा हळूहळू सांगायला लागली. दोराला किती झीज चालते, पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, उतरायच्या आधी काय करायचं, हे सगळं बरोबर आलं होतं. मग परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं, माणूस अडकला तर सगळ्यात आधी काय. पुस्तकात उत्तर होतं मेन स्विच बंद. ती म्हणाली, आधी आतल्या माणसाशी बोलायचं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले.

"पुस्तकातलं ठाऊक होतं ना तुला?" मी विचारलं.

"हाव."

"मग?"

"दोघं असले तर एक बोलतो, एक स्विच बंद करतो. पन साहेबानी सगळ्यात आधी म्हनून विचारलं."

परतीच्या वाटेवर ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी जागाच होतो. आता हिला पुन्हा वर्षभर थांबावं लागणार, असंच मला वाटत होतं.

तिला थांबावं लागलं नाही. सव्वा महिन्यानं परवान्याचं पाकीट आलं. महेबूबनं ते दुकानात उघडलं आणि तसंच घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आला, त्याच्या हातांना वार्निश लागलेलं होतं आणि पाकिटावर बोटं उमटली होती. हुसेनबीनं सगळ्या गल्लीत शिरखुर्मा वाटला, ईद नसताना. पार्वतम्मांचा डबा पोचवायला तिनं मला पाठवलं.

वर्षभरानं नाजियाला नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात काम मिळालं. चार लिफ्टा, त्यातल्या दोन स्ट्रेचरच्या. खालाचं घर तिथंच होतं. जाण्याआधी तिनं एक कागद माझ्या हातात दिला. चाळीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं, ठळक अक्षरांत. म्हणाली की मामा, आता तुम्ही बसायचं. मी हसण्यावारी नेलं. एकोणसाठाव्या वर्षी कसली परीक्षा? तिनं ऐकलं नाही. रोज सकाळी साडेसातला फोन. आज सातवा प्रश्न. काल सांगितलेला परत सांगा. माझी बायको म्हणायची, आपल्या घरात आता खरी ट्यूशन सुरू झाली.

पहिल्या खेपेला मी नापास झालो. बेअरिंग खराब झालंय हे कसं ओळखणार असं साहेबांनी विचारलं आणि मी म्हणालो, ऐकू येतं. कसं ऐकू येतं हे काही सांगता आलं नाही. नाजियानं फोनवर मला त्याच एका प्रश्नावर आठवडा घासलं. दुसऱ्या खेपेला पास झालो.

परवाना हातात आला त्या आठवड्यात मी नांदेडची बस धरली. अहमदपूर, लोहा करत दुपारच्या आत पोचलो. पिशवीत हुसेनबीनं दिलेली शेंगाचटणी आणि माझा परवाना, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, मॅडम वर आहेत. सहा जिने चढून गच्चीवर गेलो. मशीनरूमचं दार उघडं होतं. नाजिया गव्हर्नरच्या चाकापाशी उकिडवी बसलेली, कोपरापर्यंत ग्रीस, शेजारी नव्या दोराचं वेटोळं.

मला बघून ती उठली. मी पिशवीत हात घातला तर म्हणाली, कागद मागनं बघू मामा, आधी हे. हेल्पर आज आला नव्हता आणि दोर बदलायला दोन माणसं लागतात. मी बुशशर्ट काढून दाराच्या कडीला अडकवला. तिनं दोराचं एक टोक माझ्याकडे दिलं आणि दुसरं टोक घेऊन खाली गेली.